कडुनिंबाखालची रांग

कुणी चूळ भरली की अजूनही माझ्या कपाळाला आठी पडते. माणसाने सकाळी उठून चूळ भरावी, जेवून भरावी, माझी काही हरकत नाही. पण भर दुपारी, रस्त्याच्या कडेला, तोंडात ना पान ना तंबाखू, अशी खळखळून चूळ भरणारी एकच व्यक्ती मी पाहिली, आणि तिचा मी जितका हेवा केला तितका जन्मात दुसऱ्या कुणाचा केला नाही. पाळकाने असं लिहू नये. पण आता मी निवृत्त आहे, आणि चांगलं दिसण्याची हौस फिटलेली आहे.

अमरावतीच्या आमच्या मिशन कंपाउंडात त्या बायबलबाई होत्या. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, दवाखान्यात रोग्यांच्या उशाशी बसायचं, प्रार्थना करायची, हे त्यांचं काम. वय साठीच्या पुढे, पाठीला जरासा बाक, पांढरं लुगडं, पायात पुरुषी वहाणा, काखेत बायबल आणि हातात पितळेचा एक लहानसा तांब्या. नवरा फार पूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. सगळं कंपाउंड त्यांना 'मोठीमाय' म्हणे. वऱ्हाडात थोरल्या चुलतीला तसं म्हणतात. मी नगरकडचा. मी त्यांना 'बाई' म्हणत असे. सगळ्या गावाची चुलती ती माझी कशाला, असा माझा बाणा होता.

तांब्याचं कारण असं. त्यांचं म्हणणं, शब्द तोंडातून सुटला की तो कामाला लागतो. "आपन निजतो पाळकसाहेब, तो निजत नाही," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत ऐकवलं होतं. त्यामुळे कुणाविषयी दोन वाकडे शब्द बोलून झाले, किंवा दुसऱ्याचे ऐकून नुसतं "हो काय?" म्हणून झालं, की त्या जिथे असतील तिथे थांबत, तांब्यातलं पाणी तोंडात घेत आणि खळखळ चूळ भरून टाकत. गावातल्या गप्पिष्ट बायका त्यांना लांबून पाहूनच विषय बदलत. आपल्या बोलण्यावर समोरच्याने चूळ भरावी हे कुणाला आवडेल?

दुसरी खोड याहून वाईट. कंपाउंडाच्या नळावर सकाळी पाण्यासाठी झुंबड उडे. एकदा जिनिंग फॅक्टरीतल्या एका फिटरची बायको आपल्या पोरावर ओरडली, "मुडदा बसो तुह्या!" आपल्याकडे आया पोरांना काय काय म्हणतात, ते कोण मनावर घेतं? पण मोठीमाय जात होत्या त्या थबकल्या.

"माघारी घे," त्या म्हणाल्या.

"काय माघारी घेऊ व मोठीमाय? तोंडाची सवय हाय."

"सवयीनं म्हटलं का रागानं म्हटलं, हे त्या शब्दाले काय समजते? घे माघारी, आन त्याच्या जागी दुसरं दे."

नळाला पाणी जेमतेम तासभर येई. मागे बायका खोळंबल्या, घागर भरून वाहू लागली, तरी बाई हलेनात. शेवटी फिटरची बायको वैतागून म्हणाली, "बरं, शंभर वर्सं जग मेल्या!" त्यातला 'मेल्या'सुद्धा बाईंनी तिला काढायला लावला, तेव्हा कुठे पुढच्या घागरीचा नंबर लागला. मी व्हरांड्यातून हे पाहत होतो. माझ्या हातात त्या रविवारी मंडळीला द्यायच्या संदेशाचे कागद होते, आणि विषय होता जीभ. नेमका तोच.

तो संदेश मी मंगळवारपासून शनिवारपर्यंत लिहिला होता. माझे सगळेच संदेश मी तसे लिहीत असे. तीन मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला एक दृष्टांत, शेवटी आवाहन. शिक्षण तीन वर्षांचं, उच्चार स्वच्छ, आवाज बरा. लोक रविवारची भक्ती संपल्यावर हात हातात घेऊन म्हणत, "साहेब, लय चांगले बोल्ले." सोमवारी मी दवाखान्याच्या स्वयंपाक्याला सहज विचारलं, "काय हो, काल कशाविषयी होतं?" तो पोळी उलटत म्हणाला, "ते... ते देवाविषयी होतं ना जी? पन मोठीमायनं मले काय म्हटलं काल, सांगू?" आणि त्याने शब्दन् शब्द सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं तर तसंही नव्हतं. घडा उताणा होता, भरत होता, फक्त पाणी माझं नव्हतं.

आता ती रांग. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, भक्तीच्या शेवटी पाळक दोन्ही हात वर करून आशीर्वाद उच्चारतो. हा अधिकार फक्त दीक्षा झालेल्या पाळकाचा. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या मोठ्यातल्या मोठ्या पंचाने भक्ती चालवली तरी त्याने शेवटी हात जोडून प्रार्थना करायची, हात वर करायचे नाहीत. या अधिकारासाठी माझ्या डोक्यावर चार वडीलधाऱ्या पाळकांनी हात ठेवले होते. हात किती वर न्यायचे, शेवटचा शब्द कुठे सोडायचा, याचा मी आरशासमोर सराव केलेला होता. तो आशीर्वाद घेऊन लोक बाहेर पडत आणि सरळ फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली जाऊन रांग लावत. तिथे दगडावर मोठीमाय बसलेल्या. प्रत्येकाचा हात हातात घ्यायच्या, पूर्ण नाव घेऊन हाक मारायच्या आणि एकच वाक्य बोलायच्या.

ते वाक्य दरवेळी निराळं. फिटरला म्हणायच्या, "तुह्ये धाही बोटं रोज संध्याकाळी घरी येवो." कापसाच्या यंत्रावर ज्याचं काम, त्याला या वाक्याची किंमत विचारा. दोनदा परीक्षेत नापास झालेल्या नर्सला म्हणाल्या, "तुह्या हातानं लेकरू जगात येवो, आन त्याचं पयलं रडनं तू आयको." तिसऱ्या खेपेला ती पास झाली. मीही तिच्यासाठी चिकाटीवर संदेश दिला होता, त्याचं नाव कुणी काढलं नाही. आमच्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणजे मुलखाचे कडक गृहस्थ, पोरं त्यांना पाहून गल्ली बदलत. तेही रांगेत उभे असत. त्यांना म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या म्हातारपनी एखादं पोट्टं तुमाले पाहून गल्ली न बदलो." मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला, आणि खिडकीतून ते पाहून मला राग आला. तो चष्मा माझ्या संदेशाला कधी ओला झाला नव्हता.

कंपाउंडाबाहेर तर विचारूच नका. राजापेठेत एका वकिलांकडे मी वर्षभर जात होतो. वकील सज्जन. पण त्यांची आई सोवळ्याची, त्यामुळे माझी मजल ओटीपर्यंत. तिथे खुर्ची, वेगळ्या कपात चहा आणि हवापाण्याच्या गोष्टी. एकदा मी ओटीवर बसलेलो असताना मागच्या दाराने बाई आल्या आणि थेट माजघरात गेल्या. आतून म्हातारीचा आवाज आला, "बसा. आमच्यातही म्हणतात हो, वास्तू तथास्तु म्हणत असते, घरात वाईट बोलू नये." आणि बाईंचं उत्तर, "तुमची वास्तू म्हन्ते, आमचा देव आयकते. तोंड तर तुमचं-आमचं एकच हाय ना माय?" दोघी हसल्या. मी ओटीवर गार झालेला चहा प्यायलो.

त्या मनातल्या मनात कधी वाचत नसत, हेही सांगायला हवं. बोट ठेवून, एकेक अक्षर लावत, मोठ्याने वाचायच्या. मी एकदा म्हटलं, "बाई, डोळ्यांनी वाचलंत तर लवकर होईल." तर म्हणाल्या, "लवकर होऊन जाईन, पन आयकू कोनाले जाईन?" अशा माणसाशी वाद कसा घालायचा?

माझा जळफळाट मी तीन वर्षं नीट झाकून ठेवला होता. शिक्षण नाही, दीक्षा नाही, व्यासपीठ नाही, अशा बाईच्या बोलण्याला वजन आणि माझ्या बोलण्याला नुसती वाहवा, याचं दुःख मी देवापुढेही निराळ्या नावाने मांडत असे. 'मंडळीची शिस्त' असं ते नाव होतं.

मग एका रविवारी, फेब्रुवारी-मार्चचे दिवस असतील, मी झगा उतरवून खिडकीशी आलो, तर रांगेत माझी बायको उभी.

इथे घरातलं थोडं सांगावं लागेल. माझी बायको अकोल्याची, मुलींच्या शाळेत शिक्षिका. लग्नाला चार वर्षं झाली होती. आदल्या वर्षी आम्हाला मूल झालं आणि दोन दिवसांनी गेलं. नाव ठेवायच्या आत. त्याला माती मीच दिली, प्रार्थना मीच केली, आणि घरी येऊन तिला म्हणालो, "देवाची इच्छा." त्यानंतर तो विषय आमच्या घरात निघाला नाही. मला वाटलं, ती सावरली.

बाईंनी तिचा हात धरला होता. इतरांसारखं एक वाक्य नाही, बराच वेळ काहीतरी चाललं होतं. बायकोनेही काहीतरी म्हटलं. मग ती रडली. माझ्यासमोर ती वर्षभरात रडली नव्हती.

जेवताना मी विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

"ते माह्यं हाय," ती म्हणाली आणि भात वाढू लागली.

"माझा संदेश होता आज. दुःखाविषयीच होता."

"चांगला होता हो. पन तुमी समद्याइले म्हनता. मोठीमाय मले म्हन्ते."

आजवर हेवा गावापुरता होता. आता तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला.

दुसऱ्या दिवशी पंचांची सभा होती. पंच तीन. दवाखान्याचे कंपाउंडर, ते मुख्याध्यापक आणि रेल्वेतले एक कारकून. कुणीतरी मोर्शीची संत्री आणली होती, ती सोलत सभा चालली होती. मी विषय काढला, की आपल्या देवळाच्या आवारात दीक्षा नसलेल्या व्यक्तीने आशीर्वाद देऊ नये.

मुख्याध्यापक म्हणाले, "पण साहेब, त्या हात कुठं वर करतात? नुसतं बोलतात. बोलायला कशी बंदी घालायची?"

त्यांचं बरोबर होतं. माझा नियम लंगडा होता, आणि तो माझ्यासमोर आडवा पडलेला मला दिसत होता. तेव्हा मी म्हणालो, "मग ते आशीर्वाद नाहीत. ते मंत्र आहेत. ती बाई मंत्र घालते."

कंपाउंडरांच्या हातातली फोड तोंडाशी थांबली. वाक्य तोंडातून सुटतानाच मला कळलं, की हे चांगलं जमलंय. लहान, गोटीबंद, ध्यानात राहणारं. ठराव वगैरे काही झाला नाही, सभा संत्र्यांच्या सालांवर संपली. पण कंपाउंडरांनी ते घरी बायकोला सांगितलं, तिने नळावर सांगितलं, आणि शुक्रवारपर्यंत ते राजापेठेत पोचलं. तीन वर्षांत माझं एक वाक्य कंपाउंडाच्या भिंतीबाहेर गेलं नव्हतं. हे विनासायास गेलं.

वकिलांच्या आईने मागचं दार लावून घेतलं. दवाखान्यात एक तान्हं मूल न्यूमोनियाने गेलं. आदल्या दिवशी बाई त्याच्या खाटेशी बसल्या होत्या. मुलाच्या आजीने वॉर्डात हंबरडा फोडला, "ह्याच बाईनं काहीतरी पुटपुटलं माह्या नातवावर!" मग मिशनच्या समितीने त्यांना वॉर्डात जायला मनाई केली. रविवारी कडुनिंबाखाली रांग लहान झाली, मग चार माणसं, मग माझी बायको एकटी.

एका सकाळी बाई माझ्या दारात आल्या. मला वाटलं, आता भांडण. मी तयारीत होतो. त्यांनी बायकांच्या सभेच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली.

"लोकाइले माह्या तोंडाचं भेव वाटून राह्यलं, पाळकसाहेब. ज्या तोंडाचं भेव वाटते त्यातून चांगलं निघालं, तरी घेईन कोन? मी जातो तेल्हाऱ्याले, पुतन्याकडे. सलाम."

बस्स, एवढंच. माझी बायको त्यांची पत्र्याची ट्रंक घेऊन टांग्यापर्यंत गेली. परत आल्यावर ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलू लागली. पोळी हवी का, छत्री घेतली का.

पुढचे सात-आठ महिने मी जिंकलेला माणूस होतो. भक्ती संपली की लोक सरळ सायकलींकडे जात. कडुनिंबाखालच्या दगडावर एक कुत्रं बसू लागलं. नळावर बायका पुन्हा मनसोक्त मुडदे बसवू लागल्या आणि कुणी ते माघारी घेईना. माझे संदेश पूर्वीइतकेच चांगले होते, आणि लोक पूर्वीइतकेच "लय चांगले बोल्ले" म्हणत होते. बाई गेल्या म्हणून त्यांचं गिऱ्हाईक माझ्याकडे येईल, असा माझा काहीतरी हिशेब असावा. आलं कुणीच नाही.

दिवाळी झाल्यावर एकदा मी दवाखान्यात गेलो होतो. बायकांच्या वॉर्डात एक आई आपल्या पोरीला झोपवत होती. पोरगी ऐकेना. तेव्हा आई म्हणाली, "निज बरं. नाही तर मोठीमाय येईन आन मंतर घालीन!" पोरीने घाबरून डोळे मिटले आणि चादर डोक्यावरून ओढली.

मी तिथेच उभा राहिलो. ती आई खेड्यावरची, नुकतीच आलेली, तिने मोठीमायला कधी पाहिलंही नसेल. पण माझं वाक्य तिला पाठ होतं. पोरांना भीती घालायला ते आता माझ्याशिवायही चालत होतं. पाळकसाहेब घरी जाऊन निजत होते, ते निजत नव्हतं. मला माझी इतकी शिसारी पूर्वी कधी आली नव्हती.

त्याच आठवड्यात मी बसने अकोल्याला गेलो, तिथून तेल्हाऱ्याला. वाटेत काय बोलायचं ते मी मनाशी जुळवलं. तीन मुद्दे झाले. जित्याची खोड.

वेचणीचे दिवस होते. पुतण्याच्या अंगणात कापसाचा ढीग पडला होता आणि बाई त्यातला काडीकचरा निवडत बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "कोन, पाळकसाहेब? बसा. चाय घ्यान?"

तीनही मुद्दे पळाले. मी म्हणालो, "मी चुकलो. मला माफ करा."

"माफी तर कवाच देल्ली. वाटेत मूर्तिजापूरपावतो राग होता, मंग उतरला." त्यांचे हात थांबले नव्हते. "पन मले मागून काय फायदा? तो शब्द माह्यापाशी नाही. मी तर आयकलाबी नाही तुमच्या तोंडून. ज्याइच्या कानात टाकला, त्याइच्यापासून माघारी घ्या."

"आता तो सगळ्या गावात झालाय, बाई. कुणाकुणाकडे जाऊ?"

"टाकला तवा मोजून टाकला होता काय?"

मग आलोच आहे तर विचारून घ्यावं, म्हणून जे तीन वर्षं विचारायचं होतं ते विचारलं. त्यातही हेवाच होता, लपवत नाही. "कुणाला काय बोलायचं ते तुम्हाला कळतं कसं?"

"मी त्याइचं आयकतो आधी. तुमी लिहून आनता. लिहिताना कोन बसलं राहते तुमच्यासमोर?"

त्या उठल्या, तांब्या भरून आणला आणि माझ्यासमोर धरला. "घ्या. चूळ भरा."

पुतण्या, त्याची बायको, दोन गडी आणि एक बैल यांच्यादेखत, कोट घातलेला दीक्षित पाळक अंगणाच्या कडेला वाकला आणि त्याने खळखळून चूळ भरली. पाणी नाकात गेलं. कुणी हसलं नाही.

पुढच्या रविवारी मी कागद न घेता व्यासपीठावर उभा राहिलो. मी म्हणालो, की दहा महिन्यांपूर्वी पंचांच्या सभेत मी मोठीमायविषयी एक शब्द बोललो, तो खोटा होता, आणि तो मी हेव्याने बोललो. माझ्या बोलण्याला जे वजन नव्हतं ते त्यांच्या बोलण्याला होतं, म्हणून बोललो. तो शब्द मी तुमच्यासमोर माघारी घेतो. मग तेल्हाऱ्याच्या अंगणातला तो कापूस डोळ्यांसमोर आला आणि मी म्हणालो, "सांडलेलं पाणी मातीत जिरतं. सांडलेला शब्द घरोघर जाऊन वेचावा लागतो. उद्यापासून मी तुमच्या घरी वेचायला येतो."

एवढंच. पाच मिनिटंही झाली नसतील. कुणीही "लय चांगले बोल्ले" म्हटलं नाही. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला.

त्या दिवशी जेवताना बायको आपणहून बोलली. "त्या दिवशी रांगेत मोठीमायनं मले इचारलं, लेकराचं नाव काय ठेवनार होती? मी सांगतलं. मनात होतं, पन बोलली नव्हती कोनालेच. तुमी कधी इचारलं नाही." आणि तिने ते नाव मला सांगितलं. मी ते मोठ्याने म्हटलं. मग आम्ही दोघांनी म्हटलं. ते नाव इथे लिहीत नाही. ते आम्ही घरात बोलतो.

नाताळाला दोन-अडीच आठवडे होते. मी रोज घरोघर जात होतो. खेड्यावरची ती आई दवाखान्यातून घरी गेली होती. तिचं गाव शोधून तिथेही गेलो. ज्या आजीचा नातू गेला, ती म्हणाली, "मंग माह्या नातवावर ते काय पुटपुटत होती?" मी म्हणालो, "त्याने आजीला ओळखावं, असं म्हणत होत्या." हे मला त्या खाटेशी असलेल्या नर्सने सांगितलं होतं. म्हातारी पदरात तोंड घालून रडली. राजापेठेत वकिलांच्या ओटीवर मी माझा कबुलीजबाब दिला, तर आतून आवाज आला, "त्यांना आत बोलवा रे." तीन वर्षांच्या विद्वत्तेने जे दार उघडलं नाही, ते अपराधाने उघडलं. चहा मात्र वेगळ्याच कपात आला.

नाताळच्या सकाळी मोठीमाय आल्या. माझी बायकोच जाऊन त्यांना घेऊन आली होती. मी भक्ती चालवली, दोन्ही हात वर करून आशीर्वाद दिला, लोक बाहेर पडले, कुणीतरी कुत्र्याला हाकललं आणि कडुनिंबाखाली रांग लागली. फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत. मी खिडकीशी उभा होतो. सगळं पूर्ववत झालं होतं, माझं पोटात दुखणंसुद्धा. मग मी झगा न उतरवताच खाली गेलो आणि रांगेच्या शेवटी उभा राहिलो.

माझी पाळी आली तेव्हा ऊन चढलं होतं. त्यांनी माझा हात धरला.

"मोठीमाय," मी म्हणालो. पहिल्यांदाच.

त्यांनी माझं नाव घेतलं, वडिलांचं घेतलं, आडनाव घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्या तोंडचं चांगलं लोकाइच्या कामी येवो. ते दुसऱ्याच्या नावानं चालो. आन तुमाले त्याचं वाईट न वाटो."

मला हे जरा विचित्र वाटलं. एखाद्याला इतकं बरं आणि आपल्याला असं. पण रांगेत उभं राहून मिळालेलं परत करता येत नाही.

त्यानंतर सहा-सात वर्षं त्या होत्या. तेल्हाऱ्यालाच गेल्या. त्यांच्या मातीला मी होतो.

पुढे साठ सालानंतर, बायकोच्या माहेरगावच्या चर्चने मला अकोल्याला एका सभेत बोलायला बोलावलं. विषय दिला होता, 'ख्रिस्ती माणसाची वाणी'. मी मंगळवारपासून शनिवारपर्यंत लिहून कागद तयार केले होते. माझी ओळख करून द्यायला एक तरुण शिक्षक उभा राहिला. चांगला बोलत होता. तो म्हणाला, "आपल्या वऱ्हाडात एक मोठीमाय होऊन गेल्या. आम्ही त्यांना पाहिलं नाही, पण त्यांचं एक वाक्य आमच्या घराघरात आहे. त्या म्हणत, सांडलेलं पाणी मातीत जिरतं, सांडलेला शब्द घरोघर जाऊन वेचावा लागतो." लोकांनी माना डोलावल्या. पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीने ते वाक्य त्याच्याबरोबरच म्हटलं, पाठ असल्यासारखं. मग तिने शेजारच्या बाईचा हात धरला आणि दोघी काहीतरी कुजबुजल्या. त्यांच्यात काही बिनसलेलं असावं, कारण शेजारची डोळे पुसू लागली.

मी खुर्चीत अर्धा उठलो होतो. जिभेवर होतं, अहो, ते माझं आहे. माझ्या उभ्या आयुष्यातलं एकच. समोर माझी बायको बसली होती. तिने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हसण्याने हलत होते. ती माझ्याकडे बघत नुसती मान हलवत होती, नको म्हणून.

मी पुन्हा बसलो.

मोठीमायच्या आशीर्वादाचे पहिले दोन भाग अकोल्याला माझ्या डोळ्यांदेखत फळले. तिसऱ्याची मी अजून वाट पाहतो आहे.